एआय आणि आपला सेवा व्यवसाय: वेळ नेमका कुठे वाचतो?

मस्कतमधल्या आपल्या मंडळींकडून गेले काही महिने दोन प्रश्न सतत येत आहेत. ज्यांचा स्वतःचा धंदा आहे ते विचारतात, "एआय घेतलं तर माणसं किती कमी होतील?" आणि जे नोकरी करतात ते विचारतात, "एआय आलं तर माझं काय?" नीट पाहिलं तर प्रश्न एकच आहे, विचारणारे दोन आहेत. आणि ओमानमध्ये त्याला जरा जास्तच धार आहे, कारण इथे नोकरी म्हणजे नुसता पगार नसतो. रेसिडेंट कार्ड, घरभाडं, मुलांची शाळा, सगळं त्या एका नोकरीला बांधलेलं असतं. म्हणून आज हा विषय घाई न करता पाहू. आणि बँका, तेल कंपन्या सोडून देऊ, त्यांच्याकडे सल्लागारांची फौज असते. आपण बोलू पाच ते पंचवीस माणसांच्या धंद्यांबद्दल: एसी दुरुस्ती, टायपिंग सेंटर, कार्गो क्लिअरिंग, टॅलीवर हिशेब लिहिणारी ऑफिसं, केटरिंग.

आधी शब्दाचा अर्थ. उत्पादकता म्हटलं की डोळ्यांसमोर कारखाना येतो: तासाला किती डबे भरले, किती नग निघाले. सेवा व्यवसायात गोदाम नसतं. आज सकाळी अकरा ते बारा तुमचा टेक्निशियन गाडीत बसून पत्ता शोधत राहिला, तर तो तास उद्या विकता येत नाही. तो गेलाच. विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकात हे फार सोप्या उदाहरणाने मांडलं होतं: चार वादकांची एक रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढी मिनिटं लागायची, तेवढीच आजही लागतात. यंत्रं सुधारली म्हणून वादन लवकर संपत नाही. केस कापणं, दात काढणं, एसीची कॉइल धुणं यांचंही तसंच आहे. एआयच्या हातात पाना देता येत नाही, ही गोष्ट पहिल्यांदा मनाशी पक्की करावी.

मग वेळ वाचणार कुठे? कामाच्या आजूबाजूला.

एक कंपनी डोळ्यांसमोर आणा. अल खुवैरमध्ये छोटं ऑफिस. दहा टेक्निशियन, दोघादोघांच्या पाच जोड्या, पाच गाड्या. ऑफिसात एक को-ऑर्डिनेटर, एक अकाउंटंट, आणि मालक. एप्रिलपासून फोन तापायला लागतो. समजा, प्रत्येक जोडी आठ तास बाहेर असते आणि त्यातले चार तास प्रत्यक्ष मशीनवर हात असतो. बाकीचे चार तास रस्त्यात, वॉचमन शोधण्यात, पार्ट आणण्यात आणि कुणाच्या तरी परवानगीची वाट पाहण्यात जातात. आता ऑफिसातल्या को-ऑर्डिनेटरचे रोज दोन तास वाचवले, तर दोन तास वाचले. पण प्रत्येक जोडीचा नुसता अर्धा अर्धा तास वाचवला, तर पाच जोड्यांचे मिळून अडीच तास झाले, म्हणजे सव्वा तासाची दोन कामं रोज जास्त. या दोन कामांचं बिल होतं. को-ऑर्डिनेटरच्या वाचलेल्या दोन तासांचं बिल कुणी देत नाही.

बहुतेक मालक इथेच फसतात. एआय म्हटलं की त्यांची नजर ऑफिसातल्या खुर्च्यांकडे जाते, कारण संगणक तिथे आहे. गळती मात्र गाडीत असते.

गाडीतली गळती कशाने होते? माझ्या पाहण्यात सगळ्यात मोठं कारण म्हणजे दुसरी फेरी. "एसी थंड करत नाही" एवढ्या निरोपावर जोडी जाते. तिथे कळतं की कॅपॅसिटर गेला आहे आणि नेमका त्या मापाचा गाडीत नाही. मग वादी कबीरपर्यंत जा, परत या. पहिल्याच निरोपात मशीनच्या नावाच्या पट्टीचा फोटो, किती टनाचा, बाहेरचा पंखा फिरतो का, पाणी गळतंय का आणि लोकेशनची पिन एवढं मिळालं असतं, तर फेरी वाचली असती. ओमानात घरांना वे नंबर असले तरी शेवटी सगळे पिनवरच चालतात, आणि पिन न मागता जोडी पाठवणं म्हणजे अर्धा तास दान करणं.

हे काम आजची एआय साधनं बरीच बरी करतात. ग्राहकाचा व्हॉट्सॲप निरोप आला की त्यात काय आहे आणि काय राहिलं आहे ते ओळखायचं, राहिलेले तीन प्रश्न ग्राहकाच्या भाषेत विचारायचे, पट्टीच्या फोटोवरून मॉडेल नंबर वाचायचा आणि को-ऑर्डिनेटरसमोर एक भरलेलं जॉब कार्ड ठेवायचं. आपल्याकडे एका दिवसात अरबी, इंग्रजी, हिंदी, मल्याळम असे चार भाषांतले निरोप येतात, त्यात निम्मे आवाजी. ते ऐकून, समजून, लिहून काढण्यात को-ऑर्डिनेटरची सकाळ जाते. तिथे फरक लगेच दिसतो. एक सावधगिरी मात्र ठेवा. बातम्यांतली अरबी या साधनांना छान कळते, पण गाडीत बसून, एसीच्या आवाजात, बोलीभाषेत पाठवलेला निरोप ती कधी कधी भलताच लिहितात. आपल्या मराठी-हिंदी-इंग्रजी खिचडीचंही तेच. म्हणून जॉब कार्डाबरोबर मूळ आवाज ठेवावाच, टेक्निशियनला शंका आली तर त्याने तो ऐकावा.

कोटेशन, कामानंतरचा रिपोर्ट, वार्षिक करार संपत आल्याचं पत्र, थकलेल्या बिलाची सभ्य आठवण ही सगळी लिखापढी. ती अर्ध्या वेळात होते, याबद्दल फार बोलायला नको.

आता पुरावा काय, हे पाहू. एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहक-सेवेतले पाच हजारांहून जास्त कर्मचारी त्यांनी पाहिले. ग्राहकाशी चॅट चालू असताना एआय त्यांना उत्तर सुचवत असे. तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्के वाढल्या. पण खरी गंमत सरासरीच्या आत आहे: नवख्या आणि कमी अनुभवी लोकांच्या बाबतीत वाढ ३४ टक्के होती, आणि मुरलेल्या लोकांना जवळजवळ काहीच फायदा झाला नाही. का? कारण ते साधन मुरलेल्या लोकांच्याच जुन्या संभाषणांवर शिकलं होतं. जुन्यांचं शहाणपण नव्यांच्या कानात सांगत होतं, एवढंच.

हे वाक्य आपल्या एसी कंपनीत नेऊन ठेवा. तिथे एक जुना टेक्निशियन असतो. मशीनचा आवाज ऐकून तो सांगतो की गॅस कमी आहे की कॉम्प्रेसर दमला आहे. त्याच्या डोक्यातलं उतरवून घेतलं, रोज कामानंतर त्याला दोन मिनिटं फोनमध्ये बोलायला लावलं की आज काय बिघडलं होतं आणि कसं ओळखलं, तर सहा महिन्यांत कंपनीकडे अशी वही तयार होते जी बाजारात विकत मिळत नाही. नवा मुलगा छतावर उभा राहून त्या वहीला प्रश्न विचारू शकतो. पण मग एक सरळ प्रश्न उरतो: त्या जुन्या माणसाला याचे काय मिळणार? माझं मत स्पष्ट आहे. त्याला याचे वेगळे पैसे द्यावेत, आणि काम सुरू होण्याआधी ठरवून द्यावेत. नाहीतर तो बोलणारच नाही, किंवा अर्धवट बोलेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. स्वतःच्या खुर्चीचा पाय स्वतः कापायला कोण बसेल?

दुसरा अभ्यास उलट दिशेचा आहे आणि तोही माहीत असावा. २०२५ मध्ये मेटर नावाच्या संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरना, त्यांना चांगल्या ओळखीच्या असलेल्या प्रकल्पांवर, काही कामं एआयसह आणि काही एआयशिवाय करायला दिली. एआयसह वेळ १९ टक्के जास्त लागला. आणि त्या प्रोग्रामरना विचारलं तर ते म्हणाले, आमचा वेळ २० टक्के वाचला! म्हणजे वेळ वाचल्यासारखं वाटणं आणि वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून कुठलंही साधन घेण्याआधी एक आठवडा साधी वही ठेवा. जोडी किती वाजता निघाली, किती वाजता मशीनला हात लावला, किती वाजता निघाली, दुसरी फेरी लागली का. चार रकाने. साधन घेतल्यावर महिनाभराने पुन्हा तेच चार रकाने. या वहीशिवाय जो तुम्हाला "तीस टक्के वाढ" सांगतो, त्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

थोडं विषयांतर. मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोचवतात, कोविडच्या आधी रोज जवळपास दोन लाख, आणि त्यांची खरी ताकद डब्याच्या झाकणावरच्या चार-पाच खुणांत आहे. कुठून उचलायचा, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. डबा हातात घेणाऱ्याला पुढचं पाऊल विचारावं लागत नाही. ज्याची झाकणावरची खूणच धड नाही, त्याच्या धंद्यात एआय आणलं तर गोंधळ फक्त जास्त वेगाने होतो.

आता चुकांकडे येऊ. ही साधनं भाषेच्या प्रचंड साठ्यावर शिकलेली असतात आणि पुढचा शब्द काय यायला हवा याचा अंदाज बांधत उत्तर लिहितात. हिशेब करणं हा त्यांचा मूळ स्वभाव नाही, आणि ओमानचे बारकावे सांगितल्याशिवाय ते गृहीत धरतीलच असं नाही. तीन ठिकाणी खास लक्ष द्या.

पहिलं म्हणजे आपला रियाल. एका रियालच्या १००० बैसा, म्हणून आपण दशांश चिन्हानंतर तीन आकडे लिहितो. १२.५०० म्हणजे साडेबारा रियाल. जगातल्या बऱ्याच देशांत हजारानंतर स्वल्पविरामाच्या जागी टिंब देतात, तिथे हेच साडेबारा हजार होतं. एआयने पावतीचा फोटो वाचला आणि असा घोटाळा केला, तर ५ टक्के व्हॅटही त्याच्यावर लागून जाईल. म्हणून आकडे एक्सेल किंवा टॅलीतच जोडायचे. एआयने फक्त मजकूर लिहायचा.

दुसरं, वार. आपली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. मी पाहिलेल्या एका वेळापत्रकात साधनाने रविवार मोकळा सोडला होता आणि शुक्रवारी सकाळी नऊला तीन कामं लावली होती. रमजानमध्ये मुस्लिम कामगारांचे तास कायद्यानेच कमी होतात, सहा तास, तेही त्याला सांगावं लागतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आहे. जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास ओमानात बंदी आहे. एसीची बाहेरची युनिटं कुठे असतात? छतावर. हंगाम कुठला? हाच. कामांचं वेळापत्रक बसवणाऱ्या कुठल्याही साधनाला रिकामे तीन तास दिसले की ते तिथे काम कोंबणार, कारण त्याच्यासाठी तो नुसता मोकळा चौकोन आहे. माणसासाठी ते तापलेलं छत आहे. तेव्हा हा नियम साधनात पहिल्या दिवशी, कुणालाही बदलता येणार नाही असा घालायचा: साडेबारा ते साडेतीन फक्त घरातली कामं, कॉइल सफाई, थर्मोस्टॅट, फिल्टर. गंमत अशी की असं नीट लावलं तर दिवस सुधारतोच. छताची कामं सकाळी सातला सुरू होतात, आतली दुपारी. कितीतरी कंपन्या हे आजही तोंडी चालवतात आणि तोंडी चाललेलं गर्दीच्या दिवशी मोडतं.

ग्राहकाशी थेट बोलणारा बॉट ठेवायचा का, हाही प्रश्न येतो. एअर कॅनडाचं उदाहरण लक्षात ठेवा. त्यांच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या एका ग्राहकाला सांगितलं की शोकप्रसंगाची सवलत नंतर मागता येते. कंपनीचा नियम तसा नव्हता. कंपनी म्हणाली, बॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मान्य केलं नाही आणि भरपाई द्यायला लावली. छोट्या कंपनीसाठी याचा अर्थ असा की बॉटने वेळ विचारावी, पिन मागावी, निरोप पोचल्याचं सांगावं. किंमत, हमी आणि "आज संध्याकाळपर्यंत नक्की" हे शब्द माणसाने पाठवावेत.

कायद्याचंही ऐकून ठेवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा ओमानचा कायदा, शाही फर्मान ६/२०२२, फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. परदेशात माहिती पाठवण्याच्या नियमांचा भंग झाला तर दंड ५ लाख रियालपर्यंत जाऊ शकतो. आणि आपण जी फुकटची साधनं वापरतो त्यांचे सर्व्हर बहुतेक ओमानच्या बाहेर असतात. ग्राहकाचं रेसिडेंट कार्ड, पासपोर्ट, पगाराची यादी यांचा फोटो काढून "यातली माहिती तक्त्यात घाल" असं सांगणं टायपिंग सेंटरमध्ये फार सोपं वाटतं. ते करू नका. आरोग्याची माहिती तर मंत्रालयाच्या परवानगीशिवाय हाताळताच येत नाही, म्हणून क्लिनिक चालवणाऱ्यांनी रुग्णाच्या नावाचा कागद अशा साधनात टाकण्याआधी वकिलाला विचारावं. एसी कंपनीला सोपं आहे: नाव आणि फोन नंबर काढून टाका, जॉब नंबर घाला. साधनाला बिघाड कळला की पुरे, ग्राहक कोण हे कळायची गरज नाही.

खर्च किती? चांगल्या साधनांची एका माणसाची साधी वर्गणी महिन्याला २० डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे पावणेआठ रियालपेक्षा थोडी कमी. व्हॉट्सॲपला जोडून जॉब कार्ड बनवणारी व्यवस्था हवी असेल तर खर्च वाढतो. पण पहिला महिना या एका वर्गणीवर आणि को-ऑर्डिनेटरच्या हाताने कॉपी-पेस्ट करून काढावा. काय उपयोगी पडतं ते कळल्यावरच जोडणी करावी. आमच्या व्यवसायातले काही जण हे सांगत नाहीत, कारण जोडणीतच आमची फी असते!

आता माणसांच्या प्रश्नाकडे. क्लार्ना या स्वीडिश कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की त्यांचा एआय सहायक ७०० पूर्णवेळ माणसांएवढं काम करतो. जगभर बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रमुखांनी कबूल केलं की खर्चावर फार भर दिल्याने दर्जा घसरला, आणि ग्राहकांशी बोलायला पुन्हा माणसं घेणं सुरू केलं. क्लार्नाला हे परवडलं. दहा टेक्निशियनच्या कंपनीला परवडणार नाही. को-ऑर्डिनेटर गेली की तिच्याबरोबर हेही जातं: कुठल्या बिल्डिंगचा वॉचमन दुपारी नसतो, कुठला ग्राहक चेक देतो पण तारीख पुढची टाकतो, कुठल्या घरात आजारी म्हातारे आहेत म्हणून तिथे आधी जायचं. आणि जानेवारी २०२१ पासून करार संपल्यावर नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या एनओसीची गरज उरलेली नाही. ती थेट समोरच्या कंपनीत जाऊन बसेल.

तिचे वाचलेले दोन तास कुठे लावायचे, हे मालकाने आधी ठरवलं पाहिजे. माझा सल्ला वार्षिक करारांवर लावा. बहुतेक छोट्या कंपन्यांत करार संपतात आणि कुणी फोन करत नाही, कारण उन्हाळ्यात वेळ नसतो आणि हिवाळ्यात आठवण नसते. ग्राहक वर्षभर तिचाच आवाज ऐकत असतो, म्हणून नूतनीकरणाचा फोन तिनेच करावा, आणि त्यावर तिला छोटं कमिशन असावं.

नोकरी करणाऱ्या श्रोत्यांना मी वेगळं सांगेन. निव्वळ टायपिंग, निव्वळ भाषांतर, एका कागदावरून दुसऱ्या कागदावर आकडे उतरवणं, एवढंच ज्याचं काम आहे, त्याची भीती खोटी नाही. अशी कामं कमी होत आहेत आणि होत राहतील. तुम्ही अशा खुर्चीवर असाल तर मालकाने साधन आणण्याची वाट पाहू नका. वर सांगितलेली चार रकान्यांची वही तुम्हीच सुरू करा, साध्या कागदावर, परवानगी मागायचीही गरज नाही. दोन आठवड्यांनी ती घेऊन मालकापुढे बसा आणि दाखवा की दुसऱ्या फेऱ्या किती, आणि त्या कशामुळे झाल्या. एआयने काय करावं हे ज्याला माहीत आहे, त्याच्याशिवाय ते चालत नाही. आणि जे नुकतेच भारतातून आले आहेत, त्यांनी कामापुरतं अरबी बोलायला शिकावं. भाषांतर फोन करेल, पण ओमानी ग्राहकाच्या दारात उभं राहून "कैफ हालक" म्हणणं फोनकडून होत नाही.

पुढच्या भागात आपण व्हॅटची बिलं आणि येऊ घातलेलं ई-इन्व्हॉइस याबद्दल बोलू. तुमच्या धंद्याच्या वहीतले चार रकाने भरले असतील तर कार्यक्रमाच्या नंबरवर जरूर पाठवा. ग्राहकांची नावं खोडून!